टकलाचा राखणदार

आबा,

परवा रविवारी मी एका माणसाला काठीने मारलं. उजव्या मनगटावर. हल्ली मला दाराची बेल ऐकू येत नाही, पण त्याच्या हाडावर काठी बसल्याचा आवाज मला नीट ऐकू आला. पंचवीस-सव्वीस वर्षांचा पोरगा, कंत्राटदाराचा सुपरवायझर, डोक्यावर पिवळं हेल्मेट. तो मनगट पोटाशी धरून खाली बसला आणि माझ्याकडे पाहत राहिला. मी काठी पुन्हा उचलली होती. ती तुमच्या नातवाने, माझ्या मुलाने, मागून येऊन धरली, नाहीतर दुसरा घाव डोक्यात बसला असता. म्हातारपणी अंगातली ताकद जाते म्हणतात. हातापायांतली जात असेल. राग जिथे साठतो तिथली जात नाही.

मुलगा श्रीपेरुंबुदूरच्या ज्या कारखान्यात आहे, त्याच्या मागच्या जमिनीवर हे घडलं. आता कंपनीने लेखी खुलासा मागितला आहे. मुलगा काल म्हणाला, "बाबा, चार ओळी लिहून द्या. ऊन लागलं, वय झालं, तोल गेला, असं लिहा. तो पोरगा तक्रार करणार नाही म्हणतोय, पण ऑफिसला कागद हवा." मी बरं म्हणालो. मद्रासमध्ये, अड्यारच्या या घरात खिडकीशी माझं टेबल आहे. खाली पाण्याची लॉरी आली आहे, तिचा पाइप ओढताना वॉचमन आणि ड्रायव्हर रोजच्यासारखे भांडताहेत, आणि चार ओळींसाठी कागद पुढे घेतला तर वर 'आबा' लिहिलं गेलं. तुम्हाला तर वाचताही येत नव्हतं. अंगठ्याची शाई तुम्ही धोतराला पुसायचा. पण का मारलं हे सांगायचं तर तुमच्यापासूनच सुरू करावं लागतं.

तुम्ही वीस वर्षं गावाच्या कुरणाची राखण केलीत. पूर्वेकडे उतरणारा तो लांबरुंद माळ, उतार इतका हळू की चालताना कळू नये. त्यावर गवत सलग नव्हतं. आडवे पट्टे होते: दहा पावलं गवत, मग वीस-पंचवीस पावलं बोडकी, कडक, तांबूस जमीन, मग पुन्हा गवत, असं वरच्या कड्यापासून खालच्या विहिरीपर्यंत. शाळेच्या ओट्यावरून पाहिलं की डोंगराने आपला पटका उलगडून वाळत घातल्यासारखा दिसे. गवताची राखण सगळ्यांना समजत होती. दिवाळीनंतर कुरण उघडायचा दिवस ठरे, घरटी एक विळा माळावर जाई, आणि संध्याकाळी प्रत्येक घर आपल्या भाऱ्यांतला एक भारा तुमच्या दारात टाकून जाई. तीच तुमची मजुरी. पण तुम्ही बोडक्या पट्ट्यांचीही राखण करत होता. त्यावरून गाडी न्यायची नाही, तिथे कुदळ मारायची नाही, शेण वेचायला गेलेल्या बाईनेही कडेकडेने जायचं. गाव तुम्हाला टकलाचा राखणदार म्हणे. पारावर कोणी डोकं तासून घेऊन उठला की बाकीचे म्हणत, "बलवा रं राखणदाराला, अजून एक कुरन निघालं." तुम्ही हसत नव्हता. हसणं तुम्हाला फारसं जमतच नसे.

मी नऊ वर्षांचा होतो तेव्हा तुम्ही मला माळावर नेलंत. चैत्राचं ऊन होतं. तुमच्या हातात आपला तांब्याचा तांब्या, काठोकाठ भरलेला. त्या दिवसांत एवढं पाणी जमिनीवर ओतणं म्हणजे वेडेपणा. बोडक्या पट्ट्याच्या वरच्या टोकाला तुम्ही उकिडवे बसलात आणि अर्धा तांब्या हळूच ओतलात. मी वाट पाहतो आहे की आता जमीन ते पिऊन टाकेल. जमीन पीत नाही. तव्यावर तेल पळावं तसं पाणी त्या गुळगुळीत सालीवरून पळत सुटतं, वाटेत धूळ अंगाला लावून घेतं, आणि खाली गवताच्या पहिल्या ठोंबाशी जाऊन थांबतं. तिथे ते एकदम नाहीसं होतं, जणू खाली कोणी तोंड लावून बसलं होतं.

"टक्कल पितं न्हाय," तुम्ही म्हणालात. "पाजतं."

तुम्ही उरलेलं पाणी मला प्यायला दिलंत आणि पुन्हा बोललात. एवढं तुम्ही एका वेळी क्वचितच बोलला असाल. "आपल्याकडं पाऊस चार बोटं. समद्या माळाला सारखा वाटला तर कुणाचंच व्हट भिजायचं न्हाईत. एकानं उपाशी ऱ्हायचं, तवा दुसरा जगतो. दुसरा जगला की त्यो पानी धरून ठिवतो, मग ते खाली हिरीत जातं." मग तुम्ही गवतात रुतलेला एक धोंडा दाखवलात. लग्नाच्या साली तो तुम्ही गवताच्या वरच्या कडेला, बोडक्या जमिनीच्या सीमेवर रोवला होता. आता तो चांगला वीतभर आत गेला होता. धोंडा हलला नव्हता. गवतच पाण्याच्या दिशेने, बोटाबोटाने, डोंगर चढत होतं.

हे सगळं मला माहीत होतं, आबा. नवव्या वर्षापासून माहीत होतं.

तुमचा हात जड होता हेही गावाला माहीत होतं. आपल्या बांधाला बांध असलेल्या शेजाऱ्याने एकदा घराच्या जमिनीसाठी टकलावरचा मुरूम खणून दोन पाट्या भरल्या. तुम्ही त्याला पाठीमागून गाठलंत. मी शेळी घेऊन वर होतो, मला दिसत होतं. विळ्याच्या मागच्या बाजूने तुम्ही त्याच्या पाठीवर, खांद्यावर, कानशिलावर मारत होता, आणि दर माराला विचारत होता, "परत खनशील? परत खनशील?" त्याचा कान फाटला. दोन्ही पाट्या तुम्ही त्याच्याच डोक्यावर देऊन परत त्या खड्ड्यात ओतायला लावल्यात आणि पायाने दाबून घेतल्यात. रक्त त्याच्या मानेवरून मुरमात पडत होतं. त्या रात्री जेवताना आई चुलीपुढे बसून तुमच्या धोतरातली कुसळं काढत होती, एकेक काढून विस्तवात टाकत होती, आणि हळूच म्हणाली, "मानसापरीस मुरूम जड झाला तुमास्नी." तुम्ही भाकरी मोडत राहिलात. ते दोन वाक्यांत कोणालाही समजावता आलं असतं, जसं मला समजावलंत. तुम्ही समजावायचा नाहीत. मारायचा.

नववीत मला कवितेचं वेड लागलं. अजून आहे, सकाळी फिल्टर कॉफी होईपर्यंत मी शाळेतल्या कविता मनात म्हणून घेतो, एखादी ओळ अडली तर दिवसभर चैन पडत नाही. त्या सगळ्या कवितांत हिरवं ते चांगलं होतं. झाड दाता होतं, रान माउली होतं, आणि बोडकी जमीन बिचारी होती, तिची कीव करायची. एकाही कवितेने तिची बाजू घेतली नव्हती. मीही एक जुळवली होती. "उघड्या बोडक्या माळावरती घालू हिरवी शाल, ढगांनो मग तुम्ही येथुनी रिक्त कसे हो जाल." हेडमास्तरांनी ती प्रार्थनेनंतर सगळ्या शाळेपुढे म्हणायला लावली. त्याच आठवड्यात तालुक्याहून बैलगाड्या भरून रोपं आली, शिरीष आणि करंज, गावाने झाडं लावावीत म्हणून. कुठे लावायची यावर पंच, हेडमास्तर आणि शेजारी (तो तेव्हा शाळेच्या कमिटीवर होता) ओट्यावर बोलत बसले होते. तुम्ही आत्याच्या गावी मयतीला गेला होता. मला बोलावलं, कवितेवाला म्हणून. मी म्हणालो, "गवताला हात लावायचा नाही. पण मधले पट्टे मोकळेच आहेत."

तुम्हाला हे पटणार नाही, पण मला वाटलं होतं तुम्ही खूश व्हाल. गवताची एक काडी मोडायची नाही हे मी पोरांना बजावून सांगितलं होतं. तांब्याचं पाणी आठवत नव्हतं असं नाही. आठवत होतं. पण चार वर्षं प्रार्थनेच्या रांगेत जे म्हटलं त्यापुढे ते एका अडाणी माणसाचं बोलणं वाटलं. पाच दिवसांत सगळ्या शाळेने मिळून टकलावर तीनशे खड्डे काढले, प्रत्येक खड्ड्याच्या खालच्या अंगाला मातीची पाळ घातली, प्रत्येकात एक रोप. लांबून माळ देवी आलेल्या माणसाच्या तोंडासारखा दिसत होता. मला तेव्हा तसा दिसला नाही.

सहाव्या दिवशी दुपारी तुम्ही डोंगराच्या बाजूने आलात, म्हणजे आधी माळ पाहिलात. मी धावत पुढे आलो. "आबा, एक काडी मोडू दिली न्हाय म्या." तुम्ही माझ्या अंगावरून गेलात, गोठ्यातलं दावं खुंटीवरून काढलंत, पाण्याच्या हौदात बुडवलंत आणि मग मला धरलंत. ओल्या दाव्याचा पहिला फटका लागत नाही, नुसता गार वाटतो. दुसऱ्यापासून कळतं. मी मोजत नव्हतो. आई मध्ये पडली, एक तिच्या दंडावर बसला, तिचा काकणांचा हात रक्ताळला, तरी तुम्ही थांबला नाहीत. तुम्ही एक शब्द बोलत नव्हता. शेजाऱ्याला निदान "परत खनशील?" विचारलं होतंत. मला तेही नाही. मग दावं टाकलंत, कुदळ घेतलीत आणि माळावर गेलात.

मी पाठीला चिकटलेला सदरा तसाच घेऊन मागून गेलो, गडग्याआड लपून. तुम्ही रोपं उपटत होता, पाळी लाथेने फोडत होता, माती खड्ड्यांत ओढत होता. चाळीसेक खड्डे झाले असतील तोवर गाव वर आलं. पुढे शेजारी, हातात कुदळीचा नुसता दांडा.

"राखणदारा, हात थांबीव. सरकारी रोपं हायती."

"माज्या वाटंला येऊ नगंस. ह्या कानागत दुसरा बी फाडीन."

"गवत राखता राखता आता झाडांचाच वैरी झालायस व्हय?"

कोणीतरी मागून म्हणालं, "टकलावर क्यास आलं म्हून चिडलाय." लोक हसले. तुम्ही कुदळ फेकलीत. ती एकाच्या नडगीला लागली, हाड पांढरं दिसलं. मग सगळे तुमच्यावर पडले. धुरळा, शिव्या, कोणाचा तरी दात तुमच्या मुठीत. आणि मग शेजाऱ्याचा दांडा वरून आला आणि तुमच्या उजव्या मनगटावर बसला. तुमच्या तोंडून आवाज निघाला तो माणसाचा नव्हता. हात मनगटापासून पुढे वेगळ्याच दिशेला लोंबत होता. ज्या हाताने तासाभरापूर्वी माझी पाठ सोलली होती, तोच हात. आबा, गडग्याआड बसून मला बरं वाटलं. किती वेळ, ते सांगता येत नाही. पण वाटलं.

दुसऱ्या दिवशी चावडीवर तुम्हाला बोलावलं. बांबूच्या कांबी बांधून हात गळ्यात अडकवलेला, ताप भरलेला. सरपंचांनी विचारलं, रोपं का उपटलीस. तुम्ही म्हणालात, "ती जागा पाजती." सरपंच म्हणाले, "कुणाला पाजती?" "गवताला." मागून आवाज आला, "मंग रेडकू नेऊन बांधा की तितं." चावडी हसली. तुम्ही इकडेतिकडे पाहिलंत. तुम्हाला सांगता येत नव्हतं; इतक्या लोकांपुढे तुम्ही आयुष्यात कधी चार वाक्यं बोलला नव्हता. मग तुमची नजर माझ्यावर आली, आणि मी पहिल्यांदाच तुम्हाला कोणाकडे काही मागताना पाहिलं. "पोराला इचारा," तुम्ही म्हणालात. "त्याला दावलंय म्या."

सरपंच माझ्याकडे वळले. "सांग रं बाबा, तू शिकलेला. तुजा बा टक्कल का राखतो?"

माझी पाठ सदऱ्याला चिकटली होती आणि श्वास घेतला की सुटत होती. नुसता एक तांब्या पाणी मागायचा होता. चावडीपुढच्या उतारावर ओतून दाखवलं असतं तर पोरासोरांनाही कळलं असतं.

"मला माहीत नाही," मी म्हणालो. घरातल्या बोलीत नाही, पुस्तकातल्या भाषेत, स्पष्ट.

तुम्ही मान खाली घातलीत. त्याच बैठकीत तुमची राखण काढून घेतली.

पुढचं मी कसं सांगू. मी रोज पाहत होतो. त्या वर्षी पाऊस आला तो चारच बोटं. टकलावर पडलेलं पाणी खड्ड्यांत अडलं, दोन दिवस चमकत राहिलं, आणि उन्हाने ते पिऊन टाकलं. गवताच्या कडेला थेंब पोचला नाही. शिवरात्रीपर्यंत शिरीष आणि करंज काड्या होऊन उभे होते. गवत पुढच्या पावसाला वरच्या कडेकडून वाळू लागलं, मग आतून विरळ झालं, आणि राखणदार नाही म्हटल्यावर उरलेलं शेरडांनी मुळासकट ओरबाडलं. विहिरीला उन्हाळ्यात चिखल लागला. गावाने पावसाला दोष दिला. तिसऱ्या वर्षी परतीचा पाऊस एका दुपारी आला, तासभरच, पण ढग फाटल्यासारखा. माळावर त्याला धरायला कोणीच नव्हतं. पट्टे असते तर दर पंचवीस पावलांवर त्याला कोणीतरी थांबवलं असतं, पाजून घेतलं असतं. तो वरून सुटला तो थेट खाली, माती, धोंडे, वाळली रोपं घेऊन, एखाद्या वळूसारखा गावात घुसला. आपल्या गोठ्याची भिंत बसली. गाय हंबरत वाहून चालली, तुम्ही डाव्या हाताने तिचं दावं धरलंत, दावं तळहातातून कातडी घेऊन निसटलं. तुम्ही "गेली, गेली" म्हणत होता आणि त्याच वेळी पलीकडून शेजाऱ्याच्या बायकोची किंकाळी आली. त्यांची मागची भिंत बसली होती. खाली त्यांची आठ वर्षांची मुलगी होती. तुम्ही आणि शेजारी दोघांनी मिळून तिला काढलंत; त्याचे दोन हात आणि तुमचा एक. तिच्या केसांत आणि तोंडात लाल मुरूम भरला होता. टकलावरचा. मला तो रंग ओळखता येत होता.

मी त्यानंतर गावात राहू शकलो नाही. सांगलीच्या एका मिस्त्रीबरोबर मद्रासला आलो. निघताना तुम्ही तो तांब्या तेवढा माझ्या पिशवीत घातलात. गिंडीत एका छोट्या कारखान्यात लेथवर लागलो, आणि आयुष्यभर काय केलं तर बोअरच्या पंपांचे भाग कातले. जमिनीखाली साठलेलं ओढून वर आणायचं काम. तुम्ही ऐकलं असतंत तर काय म्हणाला असतात, याचा विचार मी लेथच्या आवाजात कितीदा केला असेन. लग्न इथेच झालं, तंजावरकडच्या मराठी घरातल्या मुलीशी. तिची मराठी मला सुरुवातीला कळत नसे, माझी तिला. आता तीही नाही.

मद्रासहून मी तुम्हाला पत्रं लिहायचो. ती तुम्हाला वाचून कोण दाखवतं हे आईच्या निरोपातून कळलं, आणि माझा हात थांबला. शेजारी वाचायचा. मुलगी गेल्यावर तो तुमच्याकडे येऊन बसू लागला होता, वाकड्या जुळलेल्या त्या हाताकडे पाहत. मग तुम्ही दोघं सकाळी माळावर जायला लागलात, खड्डे बुजवायला. तुम्ही त्याला अखेरीस सांगितलंत म्हणे, तांब्याने नाही, डाव्या हाताने जमिनीवर रेघा ओढून. मग मी कसं लिहायचं? 'आबा, मला माहीत होतं' हे चार शब्द लिहिले असते, तर त्याला ते मोठ्याने वाचावे लागले असते. ज्याची मुलगी त्या मुरमाखाली गेली, त्याला. म्हणून मी हवामान लिहिलं, पगार लिहिला, समुद्र कसा दिसतो ते लिहिलं, आणि खाली कवितेच्या दोन ओळी. त्या ओळी वाचणाऱ्याने वाहवा करावी म्हणून असत.

तार मिळून मी पोचलो तोवर तुमचा दहावा दिवस होता. शेजारी मला पारावर घेऊन बसला. त्याच्या फाटक्या कानावर आता पांढरे केस आले होते. म्हणाला, "तुजं कागद वाचून झालं की राखणदार इचारायचा, 'आनि?' म्या म्हनायचो, 'संपलं की.' तर म्हनायचा, 'मागं बग, पाठीवर काय लिवलंय का.' म्या उलटून दावायचो. कोरं. मंग म्हनायचा, 'बरं.' दर खेपंला, बरं का. एक डाव चुकला न्हाय." मी मान हलवली. तो म्हणाला, "जा, माळावर जाऊन ये. वरच्या अंगाला धरलंय जरा. बापाची करणी बगून ये."

आता रविवारचं. कंपनीने कर्मचाऱ्यांच्या कुटुंबांसाठी झाडं लावण्याचा कार्यक्रम ठेवला होता. मुलगा म्हणाला चला, आणि बारा वर्षांची नात माझा हात धरून बसमध्ये चढली. कारखान्यामागे तांबडी कडक जमीन, मधूनमधून काटेरी झुडपांचे पुंजके, पुंजक्यांमध्ये मोकळी जागा, आणि उतार खाली तळ्याकडे. या शहराच्या एवढ्या जवळ ते असेल असं मला वाटलं नव्हतं. मी काठी टेकून उभा राहिलो आणि पाहिलं, की प्रत्येक मोकळ्या जागेत खड्डा आहे, खड्ड्याला खालून पाळ आहे. मी त्या पोराला विचारलं, मोडक्या तमिळमध्ये, की इथे का खणलं. तो नम्र होता. हेल्मेट काढून, मला आजोबा म्हणत बोलला. "ताता, एक झुडूपसुद्धा तोडलं नाही. रिकाम्या जागेतच खड्डे काढलेत."

इतकंच तो म्हणाला. हेच मी तुम्हाला म्हणालो होतो, दारात, धावत येऊन. आणि मी काठी उचलली.

सुरक्षा अधिकारी आला, माणसं जमली. मुलगा हात जोडत होता. कोणीतरी त्या पोराच्या मनगटाला बर्फ लावत होतं. मी सांगू शकलो असतो. दोन वाक्यं होती. पण राग असा की तोंड उघडलं तर शिवीच येईल. अधिकाऱ्याने शेवटी नातीला विचारलं, तिच्याच भाषेत, हसून, की पाप्पा, म्हणजे बाळ, तुझ्या आजोबांनी का मारलं गं. ती रडत होती. तिने माझ्याकडे पाहिलं, तिला काही सापडलं नाही.

"तेरियादु," ती म्हणाली. माहीत नाही.

ती खोटं बोलली नाही, आबा. तुमचा तांब्या आज तिच्या टेबलावर आहे, त्यात तिची पेनं असतात. ती लहान असल्यापासून मी तिला झाडांच्या, ढगांच्या कविता पाठ करून घेतल्या. तिला मराठी फारशी येत नाही, पण चाली येतात. माळाचं एक अक्षर मी तिला सांगितलेलं नाही. तुम्ही निदान एक तांब्या पाणी खर्च केलं होतंत.

लॉरी गेली. खाली पाइपमधलं उरलेलं पाणी डांबरावरून गटाराकडे पळतं आहे. कंपनीच्या कागदावर मी अजून काही लिहिलेलं नाही. ऊन लागलं असं मी लिहिणार नाही. उद्या त्या पोराकडे जाईन, त्याचा हात पाहीन. नातीला बरोबर नेईन, तांब्यातली पेनं काढून ठेवायला सांगेन. हा कागद मात्र कुठे टाकायचा ते कळत नाही. तुम्हाला तो वाचून दाखवणाराही आता राहिलेला नाही, त्यामुळेच बहुतेक लिहिता आला.

एक गोष्ट राहिली. दहाव्या दिवशी घरी परतल्यावर आईने विचारलं, माळ बघितलास का. मी म्हणालो, बघितला, गवत चांगलं आलंय. तिने डोळे पुसले, तिला बरं वाटलं. मी गेलो नव्हतो, आबा. एसटीच्या शेडमध्ये संध्याकाळपर्यंत बसून राहिलो होतो, माळाकडे पाठ करून. तुमचा धोंडा गवतात होता की उघडा पडला होता, मला माहीत नाही.